एजंटांच्या गटाची सगळी चित्रं सारखीच होतात, काय बदलावं?

कोरी_पाटी: पायथनमध्ये २० एजंट (स्वतःचे निर्णय घेणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत. प्रत्येक जण गणिती सूत्राच्या झाडात थोडा बदल करून ६४×६४ चं चित्र काढतो, सगळे गुण देतात, सरासरीत वर आलेलं संग्रहात जातं. ५० फेऱ्यांत सगळी चित्रं एकाच वळणाची होतात. एजंट वाढवू की गुण द्यायची पद्धत बदलू? लायब्ररी कोणती घ्यावी?

वक्ररेषा: एजंट वाढवू नका, दोनशे केलेत तरी हेच होईल. दोष सरासरीत आहे. तिघांना फार आवडलेलं पण बाकीच्यांना न रुचलेलं चित्र तिथे कायम हरतं. त्याऐवजी प्रत्येकाला स्वतःची स्मृती द्या. स्मृतीतल्या सर्वांत जवळच्या चित्रापासूनचं अंतर, ० ते १ मध्ये बसवलेलं, हे नावीन्य.

मात्र 'जितकं नवं तितकं चांगलं' ठेवलंत तर एजंट नुसता ठिपक्यांचा गोंगाट काढतील, कारण यादृच्छिक ठिपके दर वेळी नवेच असतात. इथे वुंट वक्र लागतो, म्हणजे नावीन्य वाढेल तशी आवड आधी चढते आणि मग उतरते: बक्षिसाचा एक सिग्मॉइड, म्हणजे S आकाराचा वक्र (मध्य ०.३), त्यातून दंडाचा दुसरा (मध्य ०.७) वजा. उतार सारखा ठेवला की शिखर ०.५ वर येतं. दोन्ही मध्य एकत्र सरकवून प्रत्येक एजंटचं शिखर वेगळं ठेवा. सॉन्डर्स आणि गेरो यांच्या २००१ च्या कुतूहली एजंटांमध्ये अशा वेगळ्या आवडींमुळेच आपोआप कंपू पडले होते.

जाळीदार: वरच्याला पूर्ण सहमत, पण अंतर थेट पिक्सेलांवर मोजू नका. बारीक पट्ट्यांचं चित्र दोन पिक्सेल सरकलं तरी ते 'नवं' ठरतं. करड्या छटांत आणा, कडा काढा, धूसर करून ३२×३२ करा, मग मोजा. स्मृतीसाठी कोहोनेन नकाशा (सारखी चित्रं जवळजवळ मांडायला आपोआप शिकणारं न्यूरल जाळं) वापरलात तर शिकण्याचा दर शून्यावर नेऊ नका, स्मृती गोठते आणि जुनंच पुन्हा नवं वाटू लागतं.

शिवाय सगळ्यांनी सगळ्यांना पाठवणं बंद करा, फेरीला ३८० निरोप होतात. आधी स्वतःला पसंत पडलेलंच पाठवायचं, तेही चौघांना: तिघे पूर्वी दाद दिलेले, एक कोणीही. तो चौथा काढलात तर कंपू कायमचे बंद होतात.

कोरी_पाटी: आणि लायब्ररी?

वक्ररेषा: मेसा पुरेल. एजंटांचा क्रम दर फेरीत पिसा, नाहीतर पहिल्याचीच छाप सगळ्यांवर पडते. संग्रहातल्या जोड्यांचं सरासरी अंतर दर फेरीला नोंदवा आणि प्रत्येक बदल किमान १० वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) चालवून बघा.