शब्दचर्चा : 'कॉल अँड रिस्पॉन्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : गॉस्पेलचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गायकीचा, त्यांच्याच सोल या लोकप्रिय, चर्चबाहेरच्या संगीतावर जो प्रभाव पडला त्यावर लिहिते आहे. 'कॉल अँड रिस्पॉन्स', म्हणजे एकाने ओळ टाकायची आणि इतरांनी तिला गाऊन उत्तर द्यायचं, हे पदोपदी येतं. 'सवाल-जवाब' चालेल?

उत्तर : सवाल-जवाब नको. त्यात दोन फड एकमेकांना अडवायला उभे असतात. चर्चमध्ये मात्र सगळी मंडळी गाणाऱ्याच्याच बाजूची. आपल्याकडे 'झील' आहे की! शाहीर ओळ टाकतो, झीलकरी मागून ती उचलून धरतात. अरेथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' (१९६७) ऐका. मूळ गाणं ओटिस रेडिंगचं, १९६५चं, एकट्या पुरुषाच्या विनवणीचं. अरेथाने मागे झील धरायला अर्मा आणि कॅरोलिन या बहिणींना घेतलं. तिघी डेट्रॉइटच्या बॅप्टिस्ट पाद्र्याच्या मुली. शब्दांची अक्षरं सुटी करून त्या जो मारा करतात, त्याने गाण्याचा नूरच पालटतो. विनवणीची मागणी होते, आणि ती एकटीची राहत नाही.

दुसरं मत : झील पटली, पण पुरत नाही. झील ठरलेल्या जागी येते. चर्चमध्ये प्रवचन असो वा गाणं, कुणीही मध्येच 'येस', 'आमेन' म्हणतं. त्याला मी 'हुंकार' म्हणेन. सॅम कुकच्या 'ब्रिंग इट ऑन होम टू मी'मध्ये (१९६२) कुक नुसतं 'येअ' म्हणतो आणि लू रॉल्स तसंच 'येअ' परत देतो. अर्थ म्हणाल तर काहीच नाही, पण सगळा जीव तिथेच आहे. दोघेही गॉस्पेल गटांतून आलेले, कुक तर 'सोल स्टरर्स'चा मुख्य गायक होता.

प्रश्नकर्ती : आणि रे चार्ल्सचं 'व्हॉट्ड आय से' (१९५९)?

उत्तर : त्यात झील आणि हुंकार दोन्ही. शेवटाकडे शब्द गळून पडतात. तो कण्हल्यासारखा स्वर टाकतो, 'रेलेट्स' या त्याच्या साथीच्या गायिका तोच परत करतात, आणि फेरी आखूड होत जाते. चर्चमध्ये अंगात भरतं ते असंच. इथे ते शृंगारात आलं, म्हणून काही रेडिओ केंद्रांनी गाणं लावायचंच नाकारलं.

एक सुचवतो. रे चार्ल्सबद्दल लिहिताना 'प्रभाव' फार मोघम वाटतो. १९५४मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं त्याचं 'आय गॉट अ वुमन' हे 'सदर्न टोन्स' या गटाच्या 'इट मस्ट बी जीझस' या भक्तिगीतावर बेतलेलं आहे. येशूच्या जागी प्रेयसी आली. नाटकाच्या पदावर आपण 'चाल : अमुक' असं छापतो, तसं 'गॉस्पेलच्या चालीवर' असंच सरळ लिहा. 'सोल'चं मात्र 'आत्मसंगीत' करू नका, वाचक ध्यानधारणेकडे वळेल.