मदत हवी आहे: बाहुल्या आणि माणसं एकाच पडद्यावर नाचवायची आहेत

नमस्कार मंडळी. मी नृत्यदिग्दर्शक आहे. आमच्या वस्तीतल्या 11 बायका आणि कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजातले एक कलाकार (आम्ही त्यांना काका म्हणतो) यांच्यासोबत सावल्यांचं नाटक बसवतेय. पिंगुळीच्या कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.

अडचण सावल्यांची आहे. बाहुली पडद्याला टेकवून धरतात, त्यामुळे तिची रेघ न् रेघ दिसते, बारीक छिद्रांतून उजेड झिरपतो. बाई मात्र गिरकी घेताना दोन पावलं मागे, दिव्याकडे सरकते आणि तिची सावली राक्षसाएवढी होते, कडाही पुसट. एलईडीची पट्टी लावून पाहिली, तर एकेका बोटाच्या चार-चार सावल्या! एकच लहान, प्रखर दिवा लांब ठेवून कुणी केलंय का? पडद्यामागे जेमतेम 15 फूट जागा आहे.

तालाचंही सांगा. आम्ही आठ मात्रा मोजतो. काका मोजत नाहीत, गाण्यातल्या शब्दावर बाहुलीची मान वळवतात, आणि ती वळली की अंगावर काटा येतो. त्यांना मोजायला लावणं मला मान्य नाही. बायकांना शब्द धरायला कसं शिकवू?

आणखी एक. बाहुलीच्या हालचाली काकांच्या, दळणाची हालचाल बायकांनी स्वतः शोधलेली. पत्रकावर नृत्यदिग्दर्शन म्हणून माझं एकटीचं नाव घालणं मला पटत नाही. तुम्ही अशा वेळी श्रेय कसं लिहिता? प्रयोग दोन आठवड्यांवर आलाय.