अनुभव धागा : अरबी बोलणारे पाहुणे आणि पोलिसांची चौकशी

पावसाळ्यात कुलाब्यात उतरणारी आखाती कुटुंबं, मुंबईत उपचारांना येणारे येमेनी-इराकी रुग्ण, पुण्यात शिकणारे सुदानी विद्यार्थी. कुठे स्फोट झाला, सीमेवर ताणलं, की यांची चौकशी कडक होते. रोज त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी नेमकं काय अडतं आणि कशाने सुटतं, ते लिहावं.

दुभाषी, मुंबई
सगळ्यात मोठा घोळ नावाचा. पासपोर्टवर बहुधा चार नावं सलग असतात: स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, घराण्याचं. आपल्याकडे कुणी आजोबांचं नाव आडनाव म्हणून टाकतं, कुणी घराण्याचं. रुग्णालय, सिमकार्ड आणि लॉज अशा तीन ठिकाणी तीन नावं लागली की तपासणाऱ्याला ती तीन माणसं वाटतात. त्यात थोरल्या मुलावरून बापाला ‘अबू अली’, म्हणजे अलीचा बाप, अशी हाक मारतात. हवालदार ते ‘उर्फ’ म्हणून लिहितो. एकदा ‘उर्फ’ लागलं की साधा बाप गुन्हेगार दिसू लागतो! पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात. त्यात आधी आडनाव, मग दोन बाणांसारख्या खुणा, मग बाकीची नावं. तेच स्पेलिंग, त्याच क्रमाने, सगळीकडे वापरा.

जन्मतारखेचंही तसंच. इराकमध्ये जुन्या पिढीतल्या ज्यांच्या जन्माची नोंद नव्हती, अशा असंख्य लोकांच्या कागदावर १ जुलै लागलेला आहे. आजी, आजोबा, मामा सगळ्यांची एकच तारीख बघून पासपोर्ट बनावट आहे असं समजू नका.

हाताने लिहिलेले आकडे पुन्हा विचारून घ्या. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. फोन नंबर यामुळेच चुकतो आणि मग ‘खोटा नंबर दिला’ अशी नोंद होते.

लॉजचे व्यवस्थापक, कुलाबा
परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म-३ (पूर्वीचा सी-फॉर्म) ऑनलाइन भरावाच लागतो. घरी उतरवून घेणाऱ्यालाही हे लागू आहे. तो भरला नाही तर चूक यजमानाची असते, पण आधी उठवतात पाहुण्याला. भरल्याची छापील प्रत त्याच्या हातात द्या.

बहुतेक अरब बायका लग्नानंतरही वडिलांचंच नाव लावतात. आडनावं जुळत नाहीत म्हणून जोडप्याला खोली नाकारणं चूक आहे. विवाहाचा दाखला, इंग्रजी भाषांतरासह, आधीच मागवून ठेवा. बुरख्यातल्या बाईची ओळख पटवायची असेल तर महिला कर्मचारी आणि बंद खोली हवी.

नेव्हीनगरच्या बाजूला फोटो काढू नका, हे येताक्षणीच सांगा.

रुग्णालयाचा परदेशी रुग्ण कक्ष
सामानात सॅटेलाइट फोन आहे का, हे तिकीट काढतानाच विचारा. वाळवंटात, डोंगरात मोबाइलला रेंज नसते म्हणून तिकडचे लोक थुराया कंपनीचा असा फोन बाळगतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो चालत नाही. जप्ती होते, गुन्हाही दाखल होतो. २६/११च्या हल्लेखोरांकडे असा फोन होता, त्यामुळे इथे कुणी सैल सोडत नाही. घरीच ठेवून या, हाच एक उपाय.

परदेशी विद्यार्थी कक्ष, पुणे
१८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या स्टुडंट व्हिसावर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. गाडी अडते भाडेकरारावर: घरमालक नोंदणीकृत करार करायला टाळतो आणि पत्त्याचा पुरावाच उरत नाही. खोली बदलली की नवा पत्ता कळवायचा, हेही मुलांना कुणी सांगत नाही.

वकील, मुंबई
१ सप्टेंबर २०२५पासून १९४६चा विदेशी कायदा जाऊन नवा कायदा आला आहे. जुन्या कलमांवर विसंबू नका. अटकेची कारणं सांगणं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं, हे संरक्षण परदेशी माणसालाही आहे. १९६३च्या व्हिएन्ना करारानुसार त्याने मागणी केली तर वकिलातीला कळवावं लागतं. ओमान, सौदी, कुवेत, अमिराती यांच्या वाणिज्य वकिलाती मुंबईतच आहेत. मराठी पंचनाम्यावर दुभाष्याने वाचून दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका आणि दुभाष्याचं नाव त्याच कागदावर लिहून घ्या.