बंबासाठी घेतलेली बाभूळ नुसती धुमसतीय, मला गंडवलं का?

जावळीकर:
मंडळी जरा सांगा. मेढ्याजवळ गावच्या घरी आई-आबा असतात, भाकरीला चूल आणि पाण्याला तांब्याचा बंब, गॅस आहे पण आबांना बंबाच्या पाण्याशिवाय अंघोळ झाल्यासारखीच वाटत नाही. मागच्या आठवड्यात वखारीतनं 5 क्विंटल बाभूळ आणली, वखारवाला म्हणाला वर्षाची वाळलेली आहे. पण पेटता पेटत नाही, पेटलीच तर नुसता धूर, लाकडाच्या बाहेरच्या टोकाला फेस येतो आणि सूंऽऽ आवाज. फुकणी फुंकून आईचे डोळे लाल. बाभूळच वाईट की काय? पावसाळ्याआधी अजून भरायचंय.

माणदेशी_गडी:
बाभळीला नावं ठेवू नका राव, आमच्या आटपाडीकडं तिच्यासारखा निखारा दुसऱ्या कशाचा न्हाई. फेस येतोय म्हंजे लाकूड ओलं, विषय संपला. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, चांगलं वाळलं की 15-20 टक्क्यांवर येतं. तुम्ही पाण्याचे पैसे मोजले, आणि आता ते पाणी उडवण्यातच आच जातीय, बंब कशानं तापणार. वखारवाला खोटं बोलला असंच न्हाई, अख्खा ओंडका सालीसकट ढिगात वर्षभर पडला तरी आतनं ओलाच राहतो. लाकूड खरं वाळतं ते फोडल्यावर. पुढच्या वेळी दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा, वाळलेली खणखण वाजते, ओली बद्द. टोकाला चिरा पाहिजेत आणि साल नखानं सुटली पाहिजे.

तासगावकरीण:
+1. आम्ही एप्रिल छाटणीच्या द्राक्षकाड्या बांधून ठेवतो, पेटवणाला एक नंबर. पण औषध मारलेलं असतं म्हणून फक्त बंबात, भाकरीच्या चुलीत नाही घालत. तारा सुतळ्या आधी काढायच्या हं. आणि कण्हेर, शेर असलं काही सरपणात येऊ देऊ नका, शेराच्या चिकानं डोळ्याचे हाल होतात, कण्हेर तर विषारीच. जुनं प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या पण नको.

कोयनाकाठ:
आंबा हलका, भुरुभुरु जळून जातो, पण पाणी लवकर तापवायचं तर बरा. भाकरीला बाभूळ नाहीतर चिंच. शेवगा पांगारा फुकट दिला तरी घेऊ नका, नुसती राख. बांधावरचा आंबा, जांभूळ, चिंच स्वतः तोडणार असाल तर आधी परवानगी काढा, 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे, झाड स्वतःचं असलं तरी लागते. आणि रचताना खाली विटा, वर पत्रा, बाजू मोकळ्या. लोकं ताडपत्रीनं चहूबाजूंनी गुंडाळतात मग आत बुरशी.

जावळीकर:
धन्यवाद सगळ्यांना. सगळी बाभूळ मनगटाएवढी फोडून अंगणात उभीआडवी रचलीय. आबांनी एका ढलपीवर खडूनं खूण करून किराणा दुकानात वजन केलं, 2 किलो 300 ग्रॅम. आज दहा दिवसांनी परत केलं तर 1 किलो 900. वखारवाल्याला सांगितलं तर म्हणतो यंदा ऊनच लई हाय.