विज्ञान दिनाचे प्रयोग, करिअर मार्गदर्शन आणि आकाशदर्शन एकाच दिवसात बसेल का? (ऐरोली)

ऐरोली_सेक्टर_आठ

मंडळी, नमस्कार. आमच्या वाचनालयातर्फे २८ फेब्रुवारीच्या सुमारास एक दिवसाचा विज्ञान मेळावा करायचं घाटतंय. सकाळी मुलांसाठी प्रयोग, दुपारी कॉलेजच्या मुलांसाठी करिअरवर तीन वक्ते (प्रत्येकी पाऊण तास), संध्याकाळी गच्चीवर आकाशदर्शन. जागा म्हणजे एका शाळेचं सभागृह आणि शेजारचे दोन वर्ग. आठवी ते दहावीची सव्वाशे मुलं आणि बीएस्सी-इंजिनीअरिंगची साठेक येतील असा अंदाज. स्वयंसेवक १४, वर्गणीतून २५,००० रुपये.

विचारायचं ते असं : गर्दीत कोणते प्रयोग खरंच चालतात? करिअरच्या भागाला वजन कसं आणावं? आणि एका खासगी क्लासने माइक, नाश्ता, बॅनर सगळ्याचा खर्च उचलतो म्हटलंय, बदल्यात प्रवेशद्वाराशी टेबल आणि आलेल्यांची यादी मागितली आहे. घ्यावं का?

खाडीकाठ

आधी तारखेचं बघा, बाकी सगळं त्यावर आहे.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात बारावीची आणि दहावीची बोर्डाची परीक्षा चालू असते. तुमची शाळा केंद्र असेल तर आठवड्यातला वार विसरा. रविवारी पेपर नसतो, पण बाकांवर बैठक क्रमांक चिकटवलेले असतात आणि ते बाक कुणी हलवू देत नाही. म्हणून वर्ग धरूच नका. सभागृह आणि व्हरांडा एवढंच मिळेल असं समजून आखणी करा, आणि सभागृह परीक्षेसाठी घेतलेलं नाही ना, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. दुसरं म्हणजे दहावीची मुलं त्या आठवड्यात फिरकणारच नाहीत. सव्वाशेतून ती वजा करा आणि सहावी-सातवीला बोलवा.

रविवार घेतलात तर मेगाब्लॉक. ट्रान्स-हार्बरवर असला तर साधारण अकरा ते चार ठाणे-वाशी गाड्या बंद, आणि घोषणा होते शुक्रवार-शनिवारी. ठाण्याहून आणि कोपरखैरणेहून येणाऱ्यांना आधीपासूनच बसचे मार्ग कळवून ठेवा. सामान आणणारा माणूस तर नऊच्या आत पोचलाच पाहिजे.

गर्दीचा हिशेब असा करा : सहा टेबलं, प्रत्येकी दहा मुलं, प्रयोगाला आठ मिनिटं आणि सरकायला दोन. म्हणजे साठ मुलांची एक तुकडी तासाभरात सगळी टेबलं फिरून होते. दहा, अकरा आणि बारा अशा वेळा छापलेली तीन रंगांची कुपनं नोंदणीच्या वेळीच द्या. "सकाळी दहा ते एक" एवढंच छापलं की निम्मी मुलं सव्वाअकराला एकदम येतात आणि पुढच्या टेबलाशी रेटारेटी होते. माणसं अशी लावा : टेबलाला दोघे याप्रमाणे बारा, एक दारात, एक घंटा वाजवायला. घंटेचं काम फालतू वाटतं, पण तो माणूस नसला की वेळापत्रक पहिल्या अर्ध्या तासातच कोलमडतं.

सोल्डर_बहाद्दर

प्रयोगांबद्दल. २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणामाचा शोध लागला आणि १९८७ पासून हा दिवस साजरा होतो, हे प्रत्येक तक्त्यावर असतं. मग त्याच तक्त्याखाली दूध घातलेल्या पाण्यात टॉर्च मारून "हा बघा रामन परिणाम" असं सांगतात. तो नव्हे. बाजूने निळसर आणि समोरून तांबूस दिसतं ते साधं विकिरण आहे, त्यात प्रकाशाची तरंगलांबी बदलत नाही. रामन परिणामात ती बदलते, आणि असा प्रकाश इतका क्षीण असतो की टेबलावर नुसत्या डोळ्यांना दाखवता येत नाही. ऑलिव्ह तेलात हिरवा लेझर सोडला की आतली रेघ नारिंगी-लाल दिसते, तेही अनेक ठिकाणी रामनच्या नावावर खपवतात. ती तेलातल्या हरितद्रव्याची प्रतिदीप्ती (फ्लुओरेसन्स) आहे. दोन्ही प्रयोग जरूर ठेवा, खरं नाव सांगून ठेवा. लेझर मात्र क्लॅम्पमध्ये घट्ट बसवा, मुलांच्या हाती देऊ नका.

त्यापेक्षा वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग फाकवून दाखवणारा खोका) करा, खर्च जवळपास शून्य. वीसेक सेंटिमीटर लांबीचा पुठ्ठ्याचा खोका, एका टोकाला अर्ध्या मिलिमीटरची फट, दुसऱ्या टोकाला जुन्या सीडीचा तुकडा साधारण ६० अंशांत तिरका आणि त्याच्यावर बघायला भोक. फट ब्लेडऐवजी ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीची करा. सीडीवर मिलिमीटरला ६२५ रेघा असतात, डीव्हीडीवर त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून डीव्हीडीत रंग अधिक फाकतात. पण डीव्हीडी दोन थरांची असते, ते थर आधी सोलावे लागतात. फट रेघांना समांतर नसली की पट्टा पुसट आणि वाकडा दिसतो. दहातले सात खोके याच कारणाने फसतात. एक एलईडी दिवा आणि एक जुना सीएफएल शेजारी-शेजारी लावा : एलईडीचा सलग पट्टा, सीएफएलच्या सुट्या रेघा. मुलांना हा फरक कुणी सांगावा लागत नाही. सीएफएल आता दुकानात सहज मिळत नाही, सोसायटीच्या जिन्यात किंवा वॉचमनच्या केबिनमध्ये शोधा. सूर्याकडे खोका धरू द्यायचा नाही, हे प्रत्येक तुकडीला नव्याने सांगा.

स्ट्रॉबेरीतून डीएनए काढणं फेब्रुवारीत जमतं, महाबळेश्वरचा माल वाशीच्या फळबाजारात असतोच. १८ गटांसाठी एक किलो पुरते. द्रावण : ९०० मिली पाणी, ५० मिली भांड्यांचा लिक्विड साबण, दोन चहाचे चमचे मीठ. गटाला तीन फळं, झिपच्या पिशवीत ५० मिली द्रावणाबरोबर दोन मिनिटं कुस्करायची, चहाच्या गाळणीत कापड ठेवून गाळायची. परीक्षानळीत १० मिली रस, त्यावर तेवढंच बर्फगार आयसोप्रोपिल अल्कोहोल नळीच्या भिंतीवरून हळूहळू. मिनिटभरात दोन थरांमध्ये पांढरे तंतू तरंगतात. स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात म्हणून ऐवज भरपूर मिळतो.

फसतं कुठे? लोक सॅनिटायझर वापरतात. त्यात अल्कोहोल ७० टक्के आणि उरलेलं पाणी, वर घट्ट करणारा जेल. तंतू नीट येत नाहीत. ९० टक्क्यांच्या वरचं घ्या, अर्ध्या लिटरची बाटली पुरे. थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवा. दुसरं, पिशवी जोरात हलवून फेस केला की नळीत थर दिसत नाही. कुस्करायची, हलवायची नाही. आणि अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, सोल्डरिंगचं टेबल सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला.

सोल्डरिंग हवंच असेल तर आठवीच्या पुढच्यांनाच द्या. २५ वॅटची सहा आयर्न, तीन मुलांमागे एक स्वयंसेवक, साधा चष्मा सक्तीचा. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर : एलईडीवर २ व्होल्ट जातात, उरलेले सात ४७० ने भागले की १५ मिलीॲम्पिअर. रेझिस्टर न लावता एक एलईडी मुद्दाम जाळून दाखवा, मग ओहमचा नियम फळ्यावर लिहायची गरज उरत नाही. जोड नीट येत नाही कारण मुलं वितळलेलं सोल्डर टोकावरून नेऊन लावतात. आधी पॅड आणि तार दोन्ही दोन-तीन सेकंद तापवा, मग सोल्डर जोडाला लावा. चमकदार आणि पसरलेला जोड चांगला; मळकट गोळी दिसली की पुन्हा. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, वडापावच्या आधी साबणाने हात.

विजेचं : सहा आयर्न मिळून १५० वॅट, काहीच नाही. बोर्ड उडतो तो स्वयंसेवकांच्या चहाच्या किटलीने. १५०० वॅटची किटली ६ ॲम्पिअरच्या सॉकेटला झेपत नाही, कारण त्याची मर्यादा १,३८० वॅट. चहा बाहेरून मागवा.

टायट्रेशन_रबाळे

क्लासवाल्यांना नम्रपणे नाही म्हणा. त्यांना नाश्ता वाटायची हौस नाही, त्यांना यादी हवी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांचे नंबर तर पालकांना विचारल्याशिवाय कुणाच्याच हाती जाता कामा नयेत. माइक-नाश्ता तुमच्या २५,००० मध्ये बसतो, वरच्या प्रयोगांना फारसे पैसे लागतच नाहीत.

आता करिअर. फेब्रुवारीअखेर हा भाग ठेवणं म्हणजे गाडी सुटल्यावर वेळापत्रक वाटणं. गेट (इंजिनीअरिंग-विज्ञानाची पदव्युत्तर पात्रता परीक्षा) आणि जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) या दोन्ही फेब्रुवारीत होऊन गेलेल्या असतात. गेटचे अर्ज ऑगस्टअखेरच्या सुमारास सुरू होतात, जॅमचे सप्टेंबर-ऑक्टोबरात, टीआयएफआर या संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा डिसेंबरात. टीवायची (पदवीच्या शेवटच्या, तिसऱ्या वर्षाची) मुलं मार्चच्या प्रॅक्टिकलच्या धास्तीत असतात. म्हणून हा भाग उचला आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात स्वतंत्र ठेवा.

आणि पाऊण तासाची तीन व्याख्यानं नकोत. सहा टेबलं, टेबलाशी पाच मुलं, वीस मिनिटांची फेरी, प्रत्येकाने तीन टेबलं निवडायची. साठ मुलं दोन तुकड्यांत, दोन तासांत होतात. टेबलावर दोन ते पाच वर्षं नोकरी झालेली माणसं बसवा. वीस वर्षं झालेले साहेब ज्या वाटेने आत गेले ती वाट आता तशी उरलेली नसते. पाहुण्यांना आधीच चार प्रश्न पाठवा : दिवसभर नेमकं काय काम करता, निवड कोणत्या टप्प्यांनी झाली, पहिल्या वर्षी हातात किती पडत होते (सीटीसी, म्हणजे कंपनीच्या कागदावरचा एकूण आकडा नव्हे), आणि कॉलेजात न शिकवलेलं काय शिकावं लागलं. पगाराचा आकडा सांगायला तयार नसलेला पाहुणा बोलवू नका, हे माझं ठाम मत.

टेबलं कोणती? एमएस्सी-संशोधन : जॅमचे सात विषय, आणि त्याच्या गुणांवर आयआयटींत एमएस्सीला प्रवेश. गेट पदवीच्या तिसऱ्या वर्षातही देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात. हे पुष्कळांना उशिरा कळतं. बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) प्रशिक्षण विद्यालय : इंजिनीअरिंगच्या मुलांना गेटचे गुण उपयोगी पडतात, मग मुलाखत, पदवीला ६० टक्के हवेत. सॉफ्टवेअर-डेटाच्या टेबलाशी महापे-ऐरोलीमुळे आपोआप गर्दी होते, तिथे दोन माणसं बसवा. शिक्षकी पेशाचं एक टेबल.

प्रयोगशाळा-क्वालिटीचं टेबल विसरू नका, टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रसायन आणि औषध कंपन्या हाकेवर आहेत. तिथे मुलाखतीत मोलॅरिटी-नॉर्मॅलिटी, ब्युरेटचं कॅलिब्रेशन, एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचा) कॉलम कसा धुवायचा, असलं विचारतात. आणि नोंदवहीत चूक झाली तर काय करता? बरोबर उत्तर : एक रेघ मारून खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर म्हणणारा मुलगा बहुधा तिथेच बाद.

सहावं टेबल ॲप्रेंटिसशिपचं (कंपनीत विद्यावेतनावर प्रशिक्षण). १९६१ च्या कायद्याखालची ही योजना फक्त इंजिनीअरांची, हा समज अजून आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर बीएस्सी, बीकॉम, बीए सगळ्यांना खुली आहे. मुदत एक वर्ष, किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र सरकार देतं, पश्चिम विभागाचं कार्यालय सायनला. नोकरीचा वर्षभर अनुभव झाला की मात्र पात्रता जाते. नोंदणी अडते ती आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही म्हणून. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. मुलांना दोन्ही कागद आणायला सांगा आणि तिथेच तपासा.

खाडीकाठ

टायट्रेशन, बहुतेक पटलं, पण फेब्रुवारीतून करिअर पूर्ण काढू नका. एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) मुलांना त्याच वेळी कळलं तर ऑगस्टपर्यंत अभ्यासाला सहा महिने मिळतात. व्हरांड्यात एकच टेबल, परीक्षांच्या महिन्यांचा एक मोठा तक्ता आणि ऑगस्टच्या कार्यक्रमाची नोंदणी. तेवढं पुरे.

ऐरोली_सेक्टर_आठ

सगळ्यांचे आभार. करिअर ऑगस्टला हलवतो, फेब्रुवारीत खाडीकाठ ताईंनी सांगितलेलं एक टेबल. क्लासला नकार आजच कळवतो. आकाशदर्शनाबद्दल कुणी बोललंच नाही. ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण मिळतेय.

सप्तमीचा_चंद्र

मग रविवार पंचांग बघून ठरवा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच्या रविवारांत शुद्ध पंचमी ते एकादशीमधला कोणता येतो ते पाहा. सप्तमी-अष्टमीला चंद्र सूर्यास्ताला जवळपास डोक्यावर असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला सावल्याच नसतात, चंद्र सपाट थाळीसारखा दिसतो. मुलं "एवढंच?" म्हणतात.

गच्ची टाळा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, त्याने प्रतिमा उकळल्यासारखी हलते. शिवाय शेजारी कुणी उडी मारली की दुर्बीण थरथरते. शाळेचं मैदान बरं, तिथले हॅलोजन बंद करायला शिपायाला आधी सांगा. १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीचं आयपीस (डोळा लावायचं भिंग), म्हणजे ४८ पट. पूर्ण चंद्र मावतो. पृथ्वी फिरते म्हणून मध्यावरचा चंद्र दोनेक मिनिटांत कडेला जातो, दर दोन-तीन माणसांमागे नळी सरकवायला एक जण लागतो. माणशी चाळीस सेकंद धरले तर तासाला नव्वद होतात. पुढे लहान मुलांसाठी भक्कम स्टूल ठेवा, नाहीतर ती आयपीसला लोंबकळतात.

चंद्र झाला की मृग नक्षत्र (ओरायन). त्यातल्या तलवारीतला तेजोमेघ ऐरोलीच्या उजळ आकाशातही ८ इंचीतून राखाडी ढगासारखा दिसतो, चंद्र जवळ नसला तर जास्त बरा. रंग दिसणार नाहीत हे रांगेतच सांगून ठेवा. आरसे दुपारी जुळवून ठेवा आणि नळी तासभर आधी बाहेर काढा. ती दुपारी उन्हात उघडी ठेवायची नाही, झाकण लावूनच, फाइंडरलाही (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला).