गालाच्या शस्त्रक्रियेत छातीचा फ्लॅप: ही तडजोड आहे का?

प्रश्न (नागपूर)
माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांना बरीच वर्षे खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाण्याची सवय होती. डाव्या गालाच्या आतील कर्करोगाची गाठ काढल्यावर ती जागा छातीवरील कातडे व स्नायू वळवून भरणार असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. नातेवाइकांच्या मते मांडीचा किंवा हाताचा फ्लॅप (जागा भरण्यासाठी वापरलेला शरीराच्याच दुसऱ्या भागाचा तुकडा) सूक्ष्मदर्शकाखाली जोडणे हाच खरा उपचार आहे. वडिलांना मधुमेह आणि हृदयविकार आहे. छातीचा फ्लॅप कमी दर्जाचा असतो का?

उत्तर (प्लास्टिक सर्जन)
मुळीच नाही. १९७९ पासून रूढ झालेल्या या फ्लॅपमध्ये छातीच्या मोठ्या स्नायूचा रक्तपुरवठा तोडला जात नाही. गळपट्टीच्या हाडाखालून येणारी धमनी व शिरा तशाच ठेवून कातड्यासह स्नायू मानेच्या त्वचेखालून तोंडापर्यंत नेला जातो. मोकळ्या फ्लॅपमध्ये, म्हणजे मांडी किंवा हातावरून पूर्ण सुटा करून आणलेल्या फ्लॅपमध्ये, रक्तवाहिन्या कापून मानेतील वाहिन्यांना पुन्हा जोडाव्या लागतात, त्यामुळे भूल लांबते आणि जोडात गुठळी झाली तर पुन्हा शस्त्रक्रियागृहात जावे लागते. आपल्या वडिलांचे हृदय लक्षात घेता कमी वेळाची शस्त्रक्रिया निवडणे मला योग्य वाटते.

तरीही उणिवा लपवू नयेत. हा फ्लॅप जाड असतो, छातीवर व्रण राहतो, खांद्याची ताकद थोडी कमी होते आणि छातीवर केस असल्यास ते तोंडात वाढू शकतात. जबड्याचे हाडही बरेच काढावे लागणार असेल, तर पायाच्या हाडासह मोकळा फ्लॅप सहसा सरस ठरतो. म्हणून हाडाबाबत डॉक्टरांना नक्की विचारा.

उत्तर (परिचारिका)
वॉर्डातील एक गोष्ट सांगते. फ्लॅपच्या रक्तवाहिन्या मानेतून जात असल्याने श्वासासाठी गळ्यातून श्वासनळीत बसवलेल्या नळीची फीत त्या बाजूला घट्ट बांधू नये आणि मान त्या बाजूला दबू देऊ नये. फ्लॅप निळसर होऊन फुगला, तर रक्त परत जाण्यात अडथळा असतो; फिकट व थंड पडला, तर रक्त पोहोचत नसते. दोन्ही वेळी सकाळच्या राउंडची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच बोलवावे. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून ती आजच बंद करावी.

प्रश्नकर्त्याकडून
मनःपूर्वक आभार. जबड्याचे हाड किती काढणार, हे उद्याच विचारतो. खर्रा घरात येणार नाही, ही जबाबदारी आईने घेतली आहे.