माळाच्या रंगात रंगवलेल्या वस्तू : आपले अनुभव सांगावेत

माळकरी
नान्नजच्या माळावर, म्हणजे १९७९ साली माळढोकासाठी जाहीर झालेल्या अभयारण्याच्या परिसरात, परवा एक पखुर्डी अगदी समोर बसली असूनही उडेपर्यंत दिसली नाही, आणि वडिलांनी अंगणात दुर्बिणीचा ट्रायपॉड रंगवला होता त्याची आठवण झाली. बाजारात मिळणारी हिरवी नक्षी त्यांना मान्य नव्हती, कारण आपला माळ पावसाळ्याचे काही आठवडे हिरवा असतो आणि उरलेले वर्ष पिवळा. त्यांनी वाळलेल्या कुसळीचा रंग खाली दिला आणि त्यावर मुरुमाचा तांबूस व काळ्या रानाचा गडद तपकिरी असे मोठे, वेडेवाकडे पट्टे ओढले. पट्टा एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला पाहिजे, म्हणजे तीन पायांचा आकार डोळ्यांना सलग दिसत नाही, असे ते सांगत. आपण घरी असे काही रंगवले असेल तर जरूर लिहावे.

कडबा
ज्वारीची वाळलेली पाने पृष्ठभागावर अंथरून वरून गडद रंगाचा स्प्रे मारावा. पाने उचलली की खालचा फिका रंग त्यांच्याच आकारात उरतो. आधी पॉलिश पेपरने घासून प्राइमर द्यावा आणि रंग मॅटच घ्यावा, कारण चकाकी आली की कितीही चांगली नक्षी दुरूनच उघडी पडते. एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी लवकर उरकावे. दुपारच्या उन्हात स्प्रेचे थेंब हवेतच वाळतात आणि रंग खरखरीत बसतो.

विजापूर रोड
काळविटाचे पोट पांढरे असते, तेही याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. अ‍ॅबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली मांडले होते की वरून पडणाऱ्या उजेडाने पाठ उजळते आणि पोट सावलीत जाते, म्हणून पाठ गडद व पोट फिके असलेला प्राणी सपाट भासतो आणि नजरेतून सुटतो. माझ्या भावाने पक्षी पाहण्यासाठी बसायची प्लायवुडची पेटी याच विचाराने वर गडद आणि खाली फिकी रंगवली, आणि माझ्या मते त्या पेटीतली सर्वांत हुशारीची गोष्ट तीच आहे.

सुनंदाताई
माळकरी दादा, वडिलांचा ट्रायपॉड जपून ठेवा. आमच्या मुलाला जुन्या मोटारसायकलची टाकी अशीच रंगवायची आहे, चालेल का?

कडबा
ताई, त्याला आधी थांबवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे संरक्षण विभागाच्या वाहनांखेरीज कोणत्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. सायकल हे मोटार वाहन नसल्यामुळे त्याची हौस तिच्यावर भागवता येईल.

सुनंदाताई
सायकल आहेच घरात. आता त्यालाच हे वाचायला देते.

नवखा
कॅमेऱ्याच्या मोठ्या पांढऱ्या लेन्सवर थेट रंग मारावा का?

माळकरी
मुळीच नाही. फोकसच्या कड्याच्या फटीत रंग शिरला की ते कडे अडकते. जाड सुती कापडाचे आवरण शिवून तेच रंगवावे, आणि कापड नवे असेल तर रंगवण्यापूर्वी धुऊन त्याची खळ काढून टाकावी.